कर्करोगाची हद्द आखायची कशी?

त्वचेच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेची सुरुवात सुरीने होत नाही, पेनाने होते. भुलीचे इंजेक्शन देण्यापूर्वीच शल्यविशारद गाठीभोवती शाईची एक रेघ ओढतो. इंजेक्शननंतर कातडी फुगते आणि कडा पुसट होतात, म्हणून हे काम आधी उरकावे लागते. मग त्या रेघेच्या काही मिलिमीटर बाहेरून तो दुसरी रेघ काढतो, आणि सुरी चालते ती या दुसऱ्या रेघेवरून. पहिली रेघ म्हणजे डोळ्यांना दिसलेली रोगाची हद्द. दोन रेघांमधला पट्टा हा न दिसणाऱ्या रोगाच्या नावाने सोडलेला असतो. हा पट्टा किती रुंद ठेवावा, आणि मुळात पहिली रेघ तरी बरोबर पडली आहे की नाही हे कसे ओळखावे, या दोन प्रश्नांभोवती वैद्यकशास्त्र शंभराहून अधिक वर्षे घुटमळत आहे. प्रश्न वरकरणी निव्वळ तांत्रिक वाटतो. परंतु त्याच्या उत्तरावर माणसाची पापणी, नाकपुडी किंवा ओठ शाबूत राहणार की नाही हे ठरते. आणि त्या उत्तराचा खर्च कोणी सोसायचा हा अर्थशास्त्राचा प्रश्नही त्यातच दडलेला आहे.

त्वचेचे कर्करोग मुख्यत्वे तीन. त्यांपैकी जगात सर्वांत अधिक आढळणारा बेसल सेल कार्सिनोमा शरीरात अन्यत्र क्वचितच पसरतो. मात्र जागच्या जागी तो खोदत जातो आणि दुर्लक्ष झाल्यास नाकातील कूर्चा व डोळ्याची खोबण यांनाही सोडत नाही. दुसरा स्क्वेमस सेल कार्सिनोमा. तो लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचू शकतो. तिसरा मेलॅनोमा, कातडीला रंग देणाऱ्या पेशींपासून निपजणारा; संख्येने कमी, पण तिघांत सर्वांत घातक. तिन्हींवर मुख्य उपाय एकच, आणि तो म्हणजे रोगट भाग समूळ कापून काढणे. ‘समूळ’ या एका शब्दातच सगळी अडचण आहे.

शेतकऱ्याला हरळीचा अनुभव असतो. जमिनीवर जेवढी हरळी दिसते तेवढी उपटली म्हणजे शेत स्वच्छ झाले असे तो मानीत नाही. मातीखाली तिचे धागे कोठवर गेले आहेत हे नांगर घातल्याखेरीज कळत नाही. बेसल सेल कार्सिनोमाच्या काही जाती नेमक्या अशा वागतात. वरून मोत्यासारखी चकाकणारी लहानशी गाठ दिसते, आणि कातडीखाली बारीक बारीक फाटे कित्येक मिलिमीटर दूर गेलेले असतात. काही जातींत तर गाठही नसते. जुन्या व्रणासारखा एक पांढुरका, घट्ट चट्टा तेवढा दिसतो, आणि त्याची कड कोठे संपते हे अनुभवी डोळ्यालाही सांगता येत नाही. चेहऱ्याच्या उन्हाने रापलेल्या कातडीवर होणारा लेंटिगो मालिग्ना हा मेलॅनोमाचा आरंभीचा प्रकार त्याहून फसवा. त्याचा तपकिरी डाग शेजारच्या वांगाच्या डागांत असा मिसळून जातो की हद्द ठरवणे म्हणजे पावसाळ्यात ओढ्याचा काठ ठरवण्यासारखे होते.

ज्याची हद्द दिसत नाही त्याच्याबाबतीत माणूस साहजिकच सावधगिरीकडे झुकतो. मेलॅनोमाच्या बाबतीत ही सावधगिरी किती दूर गेली, हा इतिहास बोधप्रद आहे. १९०७ साली लंडनचे शल्यविशारद विल्यम सॅम्पसन हँडली यांनी मेलॅनोमावर व्याख्याने दिली. एका रोग्याच्या शवविच्छेदनात त्यांनी रोगाचा प्रसार तपासला होता, आणि त्यावरून गाठीच्या कडेपासून सुमारे एक इंच कातडी आणि तिच्याखालचा त्याहून रुंद थर काढावा, अशी शिफारस त्यांनी केली. एका रोग्याचे निरीक्षण! पुढे हा पट्टा रुंदावत गेला आणि चहूकडून पाच सेंटिमीटर हा जणू दंडक होऊन बसला. पाच सेंटिमीटर म्हणजे नखाएवढ्या डागासाठी ताटलीएवढी जखम. ती झाकण्यासाठी मांडीवरची कातडी काढून लावायची, आणि रोग्याने आयुष्यभर तो खड्डा वागवायचा. हा दंडक पाळणारे डॉक्टर निष्काळजी होते असे कोणी म्हणणार नाही. त्यांना रोग्याचा जीव वाचवायचा होता. परंतु चार सेंटिमीटर घेतले तर काय होईल, दोन घेतले तर काय होईल, हे विचारण्याची सोय त्या काळच्या ज्ञानात नव्हती आणि विचारण्याचे धैर्य त्या काळच्या प्रथेत नव्हते.

ते धैर्य इटलीतील उंबेर्तो वेरोनेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. त्याआधी १९७० साली अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी मेलॅनोमाचा धोका त्याच्या रुंदीपेक्षा जाडीवरून अधिक नेमका कळतो हे दाखवून वाट मोकळी केली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या छत्राखाली झालेल्या चाचणीत दोन मिलिमीटरपर्यंत जाडीचा मेलॅनोमा असलेले ६१२ रोगी घेण्यात आले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटात एक सेंटिमीटर पट्टा घेतला, दुसऱ्यात तीन किंवा अधिक. १९८८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तेव्हा जगण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक आढळला नाही. पाऊण शतक जी कातडी रोग्यांनी गमावली तिच्यातील बरीचशी अकारण गेली होती, असा त्याचा अर्थ होतो. दोन मिलिमीटरहून जाड मेलॅनोमासाठी पुढे ब्रिटनमध्ये एक आणि तीन सेंटिमीटरची तुलना झाली, तीत एक सेंटिमीटर तोकडे पडत असल्याचे दिसले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनप्रणीत चाचणीत मात्र दोन आणि चार यांत फरक आढळला नाही. आता एक की दोन, या प्रश्नासाठी मोठी आंतरराष्ट्रीय चाचणी हाती घेण्यात आली आहे. एकेका सेंटिमीटरसाठी हजारो रोग्यांचा आणि दहा-दहा वर्षांचा हिशेब मांडावा लागतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात ओळखीचे काही दिसेल. एकूण लाभ किती, हा प्रश्न येथे गौण असतो. शेवटच्या मिलिमीटरने किती लाभ झाला आणि तो कशाच्या मोबदल्यात, हा खरा सीमांत प्रश्न असतो.

बेसल सेल कार्सिनोमासाठी आज वापरला जाणारा चार मिलिमीटरचा आकडा असाच मोजणीतून आला. १९८७ साली वोल्फ आणि झिटेली या अमेरिकन डॉक्टरांनी दाखवले की दोन सेंटिमीटरहून लहान आणि स्पष्ट कडेच्या गाठीभोवती चार मिलिमीटर घेतले तर शंभरापैकी पंचाण्णव गाठी पूर्ण निघतात. येथे ‘स्पष्ट कडेच्या’ या शब्दांवर जोर द्यायला हवा. कड अस्पष्ट असेल तर हा आकडा लागू पडत नाही, आणि नेमक्या अशाच गाठी नाकाच्या व कानाच्या घड्यांत, डोळ्याच्या कोपऱ्यात लपलेल्या असतात. शिवाय पंचाण्णव निघाल्या तरी पाच राहतातच. त्वचेपुरत्या मर्यादित मेलॅनोमाची गोष्टही अशीच. अनेक वर्षे पाच मिलिमीटर पुरेसे मानले जात. २०१२ साली झिटेली यांच्याच गटाने अकराशेहून अधिक गाठी तपासून दाखवले की सहा मिलिमीटरने ८६ टक्के गाठी पूर्ण निघतात आणि नऊ मिलिमीटरने जवळजवळ ९९ टक्के. पाठीवर तीन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. खालच्या पापणीवर तीन मिलिमीटर म्हणजे डोळा मिटण्याची शक्ती. सर्व शरीराला एक आकडा लावणे ही सोय आहे. ते ज्ञान नव्हे.

कापून काढल्यानंतर काय होते तेही पाहिले पाहिजे, कारण सामान्य वाचकाचा समज असतो की प्रयोगशाळेचा अहवाल आला म्हणजे शंका फिटली. काढलेला तुकडा प्रयोगशाळेत जातो. तेथे पावाच्या लादीचे काप करावेत तसे त्याचे उभे काप केले जातात, आणि त्यांतील मोजके काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जातात. दोन कापांमध्ये जो भाग राहतो तो कोणी पाहत नाही. या रूढ पद्धतीत प्रत्यक्ष कडेचा एक टक्क्याहूनही कमी भाग तपासला जातो. ‘कडा रोगमुक्त’ या शेऱ्याचा अर्थ पाहिलेल्या कडा रोगमुक्त, एवढाच. कचेरीतील लेखापरीक्षक शंभर व्हाउचरांपैकी एखादे उघडून सही करतो तसाच हा प्रकार. नमुना पाहणी हे शास्त्र आहे आणि पुष्कळ ठिकाणी ते पुरतेही. पण रोगाचा फाटा एखाद्याच बाजूने, अर्ध्या मिलिमीटरच्या रुंदीने बाहेर गेलेला असेल तर नमुन्यात तो सापडणे निव्वळ नशिबावर अवलंबून राहते. मग दोन-चार वर्षांनी जुन्या व्रणाखालून तीच गाठ डोके वर काढते, आणि दुसरी शस्त्रक्रिया पहिलीहून मोठी, महाग व विद्रूप करणारी ठरते.

या कोंडीवरचा सर्वांत कल्पक उपाय एका विद्यार्थ्याच्या निरीक्षणातून निघाला. १९३०च्या दशकात अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात फ्रेडरिक मोज हा वैद्यकाचा विद्यार्थी प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांकडे साहाय्यक म्हणून प्रयोग करीत होता. उंदरांच्या गाठींत निरनिराळी रसायने टोचून पाहताना त्याच्या लक्षात आले की झिंक क्लोराइडने पेशी मरतात खऱ्या, पण त्यांची रचना जशीच्या तशी राहते. म्हणजे ऊतक शरीरावर असतानाच जणू प्रयोगशाळेसाठी तयार होते. त्यावरून त्याने एक लेप बनवला. १९३६ पासून तो रोग्यांवर उपचार करू लागला. लेप लावायचा, दिवसभर थांबायचे, वरचा थर काढायचा, त्याचा नकाशा काढायचा, सूक्ष्मदर्शकाखाली तो पाहायचा आणि जेथे रोग उरला आहे नेमक्या तेवढ्याच जागी पुन्हा लेप लावायचा. १९४१ साली त्याने ही पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हा शल्यविशारदांनी तिचे फारसे स्वागत केले नाही. लेप वेदना देई, उपचार दिवसेंदिवस चालत. शिवाय लेपाने रोग बरा करण्याचा वास वैदूगिरीसारखा येई, हेही एक कारण असावे. १९७४ साली ट्रोमोविच आणि स्टेगमन यांनी लेप वगळून ताज्या ऊतकाचे गोठवून काप करण्याच्या पद्धतीचा अनुभव मांडला आणि मग चित्र पालटले. दिवसांचे काम तासांवर आले.

मोज पद्धतीची खरी खुबी लेपात नव्हतीच; ती तुकडा कापण्याच्या आणि मांडण्याच्या कोनात आहे. गाठ बशीच्या आकारात, तिरक्या कडेने काढली जाते. मग ती बशी दाबून सपाट केली की तिचा तळ आणि सगळी कड एकाच पातळीत येतात आणि एकाच आडव्या कापात संपूर्ण हद्द डोळ्यांखालून जाते. निरनिराळ्या बाजूंना निरनिराळी शाई लावलेली असते, त्यामुळे रोग दिसला तर तो घड्याळाच्या चारच्या दिशेला आहे की नऊच्या, हे कळते. रोगी बाहेर बाकावर बसलेला असतो. त्याला पुन्हा आत बोलावून तेवढीच जागा कापायची. पाव कापण्याऐवजी भाकरी उलटून तिची संपूर्ण खालची बाजू पाहावी, इतका साधा हा विचार आहे.

त्याचा लाभ किती, याचे सर्वांत विश्वसनीय उत्तर नेदरलँड्समध्ये मिळाले. तेथे चेहऱ्यावरील बेसल सेल कार्सिनोमाच्या रोग्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले गेले; एकूण गाठींपैकी ४०८ प्रथमच झालेल्या आणि २०४ पुन्हा उद्भवलेल्या होत्या. दहा वर्षांनंतरचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. प्रथमच झालेल्या गाठी रूढ शस्त्रक्रियेनंतर १२.२ टक्के रोग्यांत परतल्या, मोज पद्धतीनंतर ४.४ टक्क्यांत, पुन्हा उद्भवलेल्या गाठींत हेच आकडे १३.५ आणि ३.९ होते. यांपैकी पहिला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला पुरेपूर उतरला नाही, दुसरा उतरला. याच संशोधकांनी खर्चाचाही हिशेब मांडला होता. पहिल्या काही वर्षांच्या आकड्यांवरून त्यांना असे आढळले की मोज पद्धत महाग पडते आणि ती सरसकट सुरू करणे परवडणारे नाही. परंतु दहा वर्षांच्या पाहणीत एक गोष्ट नव्याने दिसली. प्रथमच झालेल्या गाठींपैकी ज्या परतल्या, त्यांतल्या निम्म्याहून अधिक पाच वर्षे उलटल्यावर परतल्या होत्या. खर्च आज होतो आणि लाभ सातव्या-आठव्या वर्षी पदरात पडतो, अशा ठिकाणी तिसऱ्या वर्षी हिशेबाची वही मिटली तर उत्तर चुकणारच. सार्वजनिक आरोग्याच्या अंदाजपत्रकात ही चूक सर्रास होते. मंत्रिमंडळाची मुदत पाच वर्षांची असते, गाठीची तशी नसते.

पण नाण्याची दुसरी बाजू सांगितली नाही तर हा हिशेब एकांगी होईल. मोज पद्धतीत जो कापतो तोच सूक्ष्मदर्शकात पाहतो, आणि आणखी एक फेरी हवी की नको हेही तोच ठरवतो. अमेरिकेत वृद्धांच्या सरकारी विम्यातून दर फेरीगणिक शुल्क मिळते. अशा व्यवस्थेत मोह कोठे निर्माण होतो हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. २०१७ साली तेथील संशोधकांनी विम्याच्या नोंदी तपासल्या, तेव्हा एका गाठीमागे सरासरी १.७४ फेऱ्या होत असल्याचे दिसले. काही थोड्या डॉक्टरांची सरासरी मात्र चारच्या घरात होती. पुढे जे केले गेले ते मोठे शहाणपणाचे होते. कोणावर खटला भरला नाही, कोणाचे नाव छापले नाही. डॉक्टरांना फक्त एक गोपनीय पत्र गेले: आपली सरासरी ही, व्यवसायबंधूंची ही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार ज्यांची सरासरी फार वर होती त्यांच्यापैकी बहुतेकांच्या फेऱ्या त्यानंतर घटल्या. केवळ माहितीने वागणूक सुधारल्याचे इतके स्वच्छ उदाहरण पाठ्यपुस्तकातही विरळा.

मोज पद्धत कितीही चांगली असली तरी ती कापून पाहण्याचीच पद्धत आहे. कापण्यापूर्वीच हद्द दिसली तर? या ध्यासातून गेल्या शतकभरात प्रकाशाचे नाना खेळ झाले. अमेरिकन पदार्थवैज्ञानिक रॉबर्ट वुड यांच्या नावाचा जंबुपार दिवा कातडीतील रंगद्रव्याची पुसट सावली ठळक करतो. लेंटिगो मालिग्नाची कड आखण्यासाठी तो अजून वापरला जातो. स्वस्त आहे, आणि अंधारी खोली मिळाली की काम होते. दुसरी युक्ती रासायनिक. अमिनोलेव्युलिनिक ॲसिडचा लेप काही तास लावून ठेवला की रोगट पेशींत एक द्रव्य साठते, आणि निळसर-जांभळ्या प्रकाशात ते लाल चमकते. परंतु सुजलेली निरोगी कातडीही थोडीफार चमकते, खोलवरचा रोग चमकत नाही. म्हणून तिच्यावर एकटीवर विसंबता येत नाही. डर्मोस्कोप हे हातात धरण्याचे भिंग तर आता त्वचारोगतज्ज्ञाच्या खिशातच असते.

या सर्वांत मूलगामी साधन म्हणजे कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक. त्याची मूळ कल्पना मार्विन मिन्स्की यांची. १९५७ साली त्यांनी तिच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. एका ठरावीक पातळीवरून परतणारा प्रकाश तेवढा सूक्ष्म छिद्रातून आत घ्यायचा आणि बाकीचा अडवायचा, हे तिचे सार. त्यामुळे जिवंत कातडीचा एकेक आडवा थर, कापल्याविना, पडद्यावर दिसू लागतो. माणसाच्या जिवंत त्वचेसाठी हे साधन घडवण्याच्या कामात ज्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते ते मिलिंद राजाध्यक्ष. हे आडनाव मराठी वाचकाला परके नाही. १९९५ साली बॉस्टनमधील सहकाऱ्यांसह त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवले होते की कातडीतील मेलॅनिन हे रंगद्रव्यच या यंत्रात तेजस्वी उठून दिसते. पुढे न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रात त्यांनी हेच काम शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत नेले. आज अशा यंत्राने लेंटिगो मालिग्नाची कड आधी आखून घेता येते, आणि काढलेला ताजा तुकडा गोठवून न कापता काही मिनिटांत तपासण्याचे प्रयोगही पुढे गेले आहेत. २०१६ साली अमेरिकेत या तपासणीला शुल्काचा स्वतंत्र संकेतांक मिळाला. वैद्यकात एखादे तंत्र शास्त्राच्या पुस्तकातून दवाखान्यात येते ते बहुधा अशाच रुक्ष कारकुनी नोंदीने.

मर्यादा आहेतच. कॉन्फोकल यंत्राला कातडीत पाव मिलिमीटरच्या खाली काही दिसत नाही. दोन-तीन कागदांच्या जाडीएवढी त्याची नजर. बाजूची हद्द कळते, तळाची नाही. ऑप्टिकल कोहिरन्स टोमोग्राफी हे १९९१ साली पुढे आलेले तंत्र एक-दोन मिलिमीटर खोल पाहते, पण एकेक पेशी वेगळी दाखवणे त्याला कठीण जाते. जितके खोल तितके अस्पष्ट, हा प्रकाशाचा नियम चुकवता आलेला नाही. १९२८ साली कलकत्त्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शोधलेल्या परिणामाचा उपयोग करून पेशींची रासायनिक ओळख पटवण्याचे प्रयत्न इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम येथे झाले आहेत. तेही अद्याप मुख्यतः काढलेल्या तुकड्यावर. संगणकाला छायाचित्रे दाखवून हद्द ओळखायला शिकवण्याचा बोलबाला हल्ली फार आहे. ती छायाचित्रे प्रामुख्याने गोऱ्या कातडीची आहेत, एवढे येथे नमूद केले म्हणजे पुरे.

आता प्रश्न येतो आपला. भारतात नोंदल्या जाणाऱ्या कर्करोगांत त्वचेच्या कर्करोगाचा वाटा एक-दोन टक्क्यांच्या पलीकडे जात नाही. सावळ्या कातडीचे हे देणे आहे. पण याच कारणाने तो उशिरा ओळखला जातो. आपल्याकडे तो उन्हापेक्षा वेगळ्या वाटांनीही येतो. भाजल्याच्या जुन्या व्रणात, वर्षानुवर्षे न भरणाऱ्या जखमेत स्क्वेमस कर्करोग निपजतो. मेलॅनोमा पुष्कळदा तळपायावर होतो आणि कुरूप किंवा काटा समजून अंगावर काढला जातो. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ साली सूर्याबाई यांच्यासह जो निबंध लिहिला त्यात कमरेला धोतर घट्ट आवळल्याने वर्षानुवर्षे घासल्या जाणाऱ्या कातडीवरील कर्करोगाची नोंद आहे. पुढे नेसत्या साडीच्या गाठीखालीही तो आढळला. अशा काळवंडलेल्या, जाड झालेल्या, चट्टे पडलेल्या कातडीत हद्द ओळखणे विलायती पुस्तकातील गुलाबी चेहऱ्यापेक्षा अधिक कठीण असते, आणि ‘स्पष्ट कडे’चे आकडे येथे जसेच्या तसे उचलणे धोक्याचे.

मोज पद्धत भारतात मोजक्याच केंद्रांत होते. तिच्यासाठी गोठवून काप करण्याचे यंत्र, ते चालवणारा तरबेज तंत्रज्ञ आणि दोन्ही विद्यांत प्रशिक्षित डॉक्टर लागतो. प्रत्येक जिल्ह्याला तो मिळेल अशी अपेक्षा करणे म्हणजे स्वतःला फसवणे आहे. कॉन्फोकल यंत्राचे तर नावच नको. म्हणून काय करता येईल हा विचार दुसऱ्या टोकाकडून केला पाहिजे, आणि तेथे जर्मनीतील ट्युबिंगेनच्या डॉक्टरांनी घालून दिलेला पायंडा उपयोगी आहे. त्यांनी गोठवण्याचा आग्रहच सोडला. गाठ काढायची, तिच्या सभोवतालची कड बारीक पट्टीसारखी सोलून वेगळी करायची, तळाची चकती वेगळी, आणि ती सपाट मांडून नेहमीच्या मेणाच्या पद्धतीने तपासायची. जखम शिवायची नाही. स्वच्छ पट्टी बांधून रोग्याला थांबवायचे आणि अहवाल आल्यावर एक तर शिवायची किंवा जेथे रोग उरला तेवढेच पुन्हा काढायचे. संपूर्ण हद्द पाहिली जाते, आणि लागते ते सगळे कोणत्याही साध्या प्रयोगशाळेत असते. वेळ मात्र जातो. खेड्यातून आलेल्या रोग्याला चार दिवस राहण्याची सोय आणि बुडालेली मजुरी, हा त्याचा खरा खर्च. तो रुग्णालयाच्या हिशेबात दिसत नाही म्हणून तो नाही असे समजू नये.

येथेच शासकीय योजनांचा संबंध येतो. महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजनेसारख्या व्यवस्थेत शस्त्रक्रियेसाठी ठरावीक रक्कम एकगठ्ठा मिळते. अमेरिकेत फेरीगणिक शुल्काने जो मोह निर्माण होतो त्याच्या नेमका उलटा मोह एकगठ्ठा रकमेत असतो: दोन काप कमी पाहिले तर पैसे वाचतात, आणि पाच वर्षांनी गाठ परतली तर ती नवी शस्त्रक्रिया, नवी रक्कम. कोणी असे मुद्दाम करतो असा आरोप येथे करायचा नाही. व्यवस्था ज्या उताराकडे झुकलेली असते त्या उताराने पाणी वाहतेच. चेहऱ्यावरील गाठीच्या रकमेत कडेच्या संपूर्ण तपासणीचा वेगळा हिस्सा ठेवला आणि कड किती मिलिमीटरने मोकळी आहे हे अहवालात लिहिल्याशिवाय तो मिळणार नाही असे ठरवले, तर उतार बदलेल. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१२ साली उभे राहिलेले राष्ट्रीय कर्करोग जाळे अशा अहवालाचा एकसारखा नमुना देशभर रुजवू शकते. गाठ परतल्याची नोंद एका ठिकाणी होऊ लागली तर अमेरिकेतल्यासारखी पत्रेही धाडता येतील.

तोवर जे बिनखर्चाचे आहे ते तरी व्हावे. भूल देण्यापूर्वी चांगल्या उजेडात, भिंगातून, कातडी ताणून कड आखणे. आखलेल्या रेघेचे छायाचित्र काढून ठेवणे. चेहऱ्यावरील अस्पष्ट कडेची गाठ आपल्या हातची नाही हे ओळखून रोग्याला मोठ्या केंद्राकडे पाठवणे. आणि तुकडा बाटलीत टाकण्यापूर्वी त्याच्या एका कोपऱ्यावर काळ्या दोऱ्याचा एक टाका घालून चिठ्ठीवर ‘टाका म्हणजे वरची बाजू’ असे लिहिणे. या टाक्याला मिनिटही लागत नाही. तो नसेल तर प्रयोगशाळेने ‘एका कडेवर रोग आहे’ असे कितीही प्रामाणिकपणे कळवले तरी ती कड डोळ्याकडची की गालाकडची हे सांगायला त्यानंतर जगात कोणीही उरत नाही, आणि शल्यविशारदाला पुन्हा चहूबाजूंनी कापावे लागते.